लाजेची कसोटी आणि ओले मिस्त्री

लाकूडकाम कारागीर संघाच्या कार्यकारिणीने अर्ज एकमताने फेटाळला. एकमताने म्हणजे इतक्या एकमताने, की ज्या जुन्या सभासदाला ऐकू येत नाही त्यानेही शेजाऱ्याकडे बघून हात वर केला. अर्जदार दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. आतून कोणी हसलं नाही, हे त्याला फेटाळण्यापेक्षा जास्त लागलं.

पण ते राहू द्या. असं काही अजून झालंच नाही असं धरून चालू. अर्ज लिहिला गेला नाही, कार्यकारिणी बसली नाही, बाक रिकामा आहे, आणि अर्जदार, म्हणजे धाकटा, अजून विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी न उघडणाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या लाजेवर सुखाने पोट भरतो आहे.

यात अतिशयोक्ती नाही, खरंच त्यावरच पोट भरायचा तो. येशू नावाचा माणूस इतिहासात नेमका कसा होता, तो काय बोलला, काय केलं, आणि काय काय त्याच्या नावावर मागाहून जमा झालं, हे शोधायचं त्याच्या विभागाचं काम होतं. श्रद्धेतला येशू शेजारच्या इमारतीत शिकवत. तिकडच्या खिडक्या उघडत.

विभागाची पद्धत साधी होती. दर बुधवारी सगळे एका लांब टेबलाभोवती बसत. शुभवर्तमानांतलं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांतलं, एकेक वाक्य चिठ्ठीवर लिहिलेलं असे. समोर उपाहारगृहातून आणलेले तीन ट्रे. पहिला ट्रे : हे बहुधा घडलं. दुसरा : सांगता येत नाही. तिसरा : भक्तांनी मागून घातलेलं. चिठ्ठी वाचायची, भांडायचं, ट्रेमध्ये टाकायची. तिसरा ट्रे नेहमी ओसंडून वाहायचा आणि उपाहारगृहाचा माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "साहेब, तुमचा देव आटपला असेल तर ट्रे द्या, जेवणाची वेळ झाली."

या टेबलावर धाकट्याची खास जागा होती, कारण लाजेची कसोटी त्याच्याकडे होती. ही कसोटी त्याने शोधली नव्हती, ती त्याच्या जन्माआधीपासून वापरात आहे, पण तो ती अशी वापरायचा की जणू त्याच्या आजोळहून आलेली वस्तू. तिचा अर्थ एवढाच : सांगणाऱ्याला जी गोष्ट सांगताना लाज वाटते, ती तो मुद्दाम बनवणार नाही. म्हणून ती बहुधा खरी.

उदाहरण द्यायचं तर योहानाचं. हा योहान नदीकाठी लोकांना पापाची कबुली द्यायला लावून पाण्यात बुडवून काढत होता. येशूही गेला आणि बुडवून घेऊन आला. आता ज्याने आयुष्यात पाप केलं नाही असं तुम्ही जगाला सांगत सुटलाय, तो तिथे काय करत होता? शिष्यांची पंचाईत. सगळ्यात जुन्या शुभवर्तमानात ही गोष्ट सरळ येते. पुढच्यात योहान 'छे छे, उलट तुम्हीच मला' म्हणून आढेवेढे घेतो. आणखी एकात ती जाता जाता उरकलेली आहे. आणि शेवटच्यात बुडवण्याचा उल्लेखच गाळलाय. ज्या गोष्टीपाशी लिहिणारे असं अंग चोरत जातात, ती त्यांच्या पदरची नसणार. पहिला ट्रे. तसंच घरचे लोक 'याचं डोकं फिरलंय' म्हणत त्याला धरून न्यायला आले होते, ते. पट्टशिष्याने ऐन वेळी 'कोण हा? मी ओळखत नाही' म्हटलं, ते. पहिला ट्रे, पहिला ट्रे.

धाकटा हे सगळं इतक्या आनंदाने सांगायचा की विभागात त्याचं नाव 'लाजाळू' पडलं होतं.

त्याचे वडील सुतार होते, येशूच्या बापासारखेच, ही गोष्ट मात्र त्याने विभागात कधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर विभागप्रमुख मॅडम चष्म्यावरून बघून म्हणाल्या असत्या, "हे फारच जुळतंय. तिसरा ट्रे."

तर हे बाबा एका दुपारी गेले. स्वतःच्या हाताने केलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या. शेजाऱ्यांनी आधी दोनदा चहाचं विचारलं, मग जवळ जाऊन पाहिलं.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. ताई गाडी शिकवायची. तिच्या आवाजात कायम समोरून ट्रक येत असल्याचा सूर असे.

"रविवारी सकाळी संघाच्या सभागृहात शोकसभा आहे. तू बोलायचंस."

"मी?"

"मग मी? मला माणसांसमोर 'क्लच सोडा' एवढंच बोलता येतं."

"काय बोलू?"

"चांगलं बोल, थोडं बोल आणि खाली बस."

एवढी सोपी सूचना होती. मठ्ठातल्या मठ्ठ शिकाऊ माणसानेही ती पाळली असती. पण धाकटा पडला अभ्यासक. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन ताटल्या मांडल्या आणि बाबांच्या सगळ्या गोष्टी चिठ्ठ्यांवर उतरवून काढल्या.

पहिली गोष्ट आत्याची. बाबांनी एका म्हातारीचं दार फुकट बसवून दिलं होतं. धाकट्याने आठवून पाहिलं तर आत्याच्या तोंडून ही गोष्ट आधी आली तेव्हा दार नव्हतंच, खिडकी होती. मग दार झालं. गेल्या खेपेला फाटक होतं आणि म्हातारी आंधळी झाली होती. तिसरी ताटली.

बाबा आयुष्यात कोणावर रागावले नाहीत. हे स्वतः धाकट्याला वाटत होतं. म्हणूनच तिसरी ताटली. भक्ताला काय वाटतं याला किंमत नसते.

बाबांनी एकदा टेबलाला पाच पाय लावले आणि गिऱ्हाईक बोंबलल्यावर म्हणाले, "राहू द्या, एक जास्तीचा." लाजिरवाणी गोष्ट. पहिली ताटली.

असं करता करता तिसऱ्या ताटलीत ढीग झाला आणि पहिलीत पाच पायांचं टेबल एकटं बसलं. मग त्याने शेवटची चिठ्ठी उचलली. ती उचलण्याआधीच कुठे जाणार हे ठरलेलं होतं, कारण लाजेच्या कसोटीला इतकी तंतोतंत उतरणारी गोष्ट त्याला शुभवर्तमानातसुद्धा सापडली नव्हती.

ती अशी. धाकटा तिसरीत होता तेव्हा संघाला पंचवीस वर्षं झाली आणि मोठा समारंभ ठरला. अध्यक्षपदी एक निवृत्त न्यायाधीश येणार होते. त्यांच्यासाठी बाबांनी खुर्ची केली : शिसवी, पाठीवर द्राक्षाचा वेल कोरलेला, बसायला लाल मखमल. बाबांच्या हातची सगळ्यात देखणी वस्तू. त्याच समारंभात बाबांना संघाचं सचिव म्हणून जाहीर करायचं होतं. पडदा वर गेला तर न्यायाधीशांच्या खुर्चीत बाबा स्वतः बसलेले. न्यायाधीश आले, समोर उभे राहिले, बाबा उठेनात. न्यायाधीश खाकरले. बाबा उठले. त्यांची पँट मागून ओली होती. मखमल ओली होती. सभागृहाने श्वास रोखला आणि बाबा चालत माइकपर्यंत गेले आणि म्हणाले, "माफ करा मंडळी. माझ्याकडून झालं."

सचिवपद दुसऱ्याला गेलं. बाबांना 'ओले मिस्त्री' हे नाव मिळालं आणि ते मरेपर्यंत टिकलं. लोक घरी फोन करून विचारायचे, "ओले मिस्त्री आहेत का?" आणि बाबा म्हणायचे, "बोलतोय."

धाकट्याने गोष्ट तपासली. लाज : पूर्ण. साक्षीदार : तीन. आत्या सभागृहात होती, संघाचे आताचे अध्यक्ष होते आणि गल्लीतला शिंपी होता. तिघंही वेगवेगळ्या वेळी हेच सांगत. शिवाय बाबांनी स्वतः कधी नाकारलं नाही. पहिली ताटली! इतकी पहिली, की त्याने ताटली जरा पुढे सरकवली.

एक बारीकसा भाग मात्र त्याने कुठल्याच ताटलीत ठेवला नाही. त्या वयात धाकटा स्वतः अंथरूण ओलं करायचा. वर्गात कुणकुण लागली होती, पोरं मागून नाक धरायची आणि तो सकाळी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायचा. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्या पलंगाच्या कडेवर येऊन बसले होते. म्हणाले होते, "मोठ्या माणसांचंसुद्धा होतं रे. आपण दोघं एकाच संघाचे." त्यानंतर हळूहळू ते थांबलं. ही चिठ्ठी त्याने लिहिली, वाचली, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकली. शोकसभा बाबांची होती. त्याच्या अंथरुणाचा तिथे काय संबंध?

रविवारी सभागृह भरलं होतं. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास. मंचावर बाबांचा फोटो ठेवला होता आणि तो ठेवायला दुसरी चांगली जागा न मिळाल्याने त्याच खुर्चीत ठेवला होता. मखमल बाबांनी नंतर स्वतः बदलली होती, आता ती हिरवी होती. पहिल्या रांगेत आत्या आणि शिंपी. मंचावर अध्यक्ष, हातात टाचणांचा कागद. ताई कडेला, गाडीची किल्ली मुठीत धरून, जणू कोणी मध्येच गाडी सुरू करायला सांगेल.

धाकटा उभा राहिला आणि म्हणाला, "मृत माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. म्हणून त्यावर विश्वास ठेवता येत नाही."

इथे ताईने डोळे मिटले.

मग त्याने लाजेची कसोटी समजावून सांगितली. योहान सांगितला, नदी सांगितली. कारागीर मंडळींनी मान डोलावली, कारण शोकसभेत मान डोलावण्याची सवय असते. मग तो म्हणाला, "म्हातारीचं दार मी गाळतो. बाबा रागावत नसत हेही गाळतो. बाबांबद्दल खात्रीने सांगता येईल अशी एकच गोष्ट आहे, आणि ती या इथे घडली." आणि त्याने हात करून खुर्ची दाखवली.

सगळं सांगितलं त्याने. पडदा, न्यायाधीश, खाकरणं. सांगता सांगता तो रंगला. बाबा माइककडे कसे चालत गेले ते चालूनही दाखवलं, पाय जरा फाकवून. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग ती घटना डोळ्यांनी पाहिलेले म्हातारे पंचवीस वर्षांपूर्वीच्याच जोरात हसले, शिंप्याने मांडीवर थाप मारली, आणि अख्खं सभागृह फोटोतल्या माणसाला हसलं. धाकट्याला वाटलं, वा! बाबा खरे होते, हे पटलं लोकांना. त्याने 'धन्यवाद' म्हटलं. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

ताई तोवर उठून बाहेर गेली होती.

तो बाहेर आला तर ती शिकवण्याच्या गाडीपाशी उभी होती. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' अशी पाटी. या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या.

"बस," ताई म्हणाली. "चालव."

"मी? मला धड..."

"म्हणूनच. बस."

त्याने गाडी सुरू केली. सभागृहाच्या मागच्या रस्त्याला लागले.

"ताई, मी खोटं काही बोललो नाही."

ताईने ब्रेक मारला. धाकट्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं.

"चल पुढे. पहिला गियर. ती गोष्ट तुला कोणी सांगितली?"

"सगळ्यांनी. स्वतंत्र साक्षीदार आहेत तीन. आत्या, अध्यक्ष..."

"त्या तिघांनी काय पाहिलं?"

"बाबा उठले. पँट ओली, खुर्ची ओली."

"आणि ती ओली करताना कोणी पाहिलं?"

"पडदा पडलेला होता ना. पण बाबांनी स्वतः माइकवर..." धाकटा बोलता बोलता थांबला. गाडीही थांबली, या वेळी आपली आपणच बंद पडून.

विभागात पहिल्या वर्षाच्या मुलांना हा प्रश्न परीक्षेला असतो : तिघांनी एकाचंच ऐकून लिहिलं असेल तर साक्षीदार किती? हा प्रश्न धाकटाच काढायचा. चुकलेल्यांच्या पेपरांवर लाल शाईने तोच 'एक!' लिहायचा, उद्गारचिन्हासकट.

मागून एकाने हॉर्न वाजवला. ताईने खिडकीतून हात काढून पाटी दाखवली.

"ताई, कोण होतं खुर्चीत?"

"एक गाढव होतं. तिसरीतलं." तिने किल्ली काढून घेतली. "मखमल मऊ लागली म्हणून चढलास आणि घोरायला लागलास. बाबा पडदा बघायला आले तर हे असं. पुढच्या तीन रांगांत तुझा अख्खा वर्ग बसलेला. सगळी कारागिरांचीच पोरं. पडद्याची दोरी ओढायला सुरुवात झाली होती. बाबांनी तुला उचललं, माझ्या खांद्यावर टाकलं, म्हणाले, मागच्या दाराने घरी पळ. मी दारातून वळून पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते. नुसते टेकले नव्हते रे, चांगले दाबून, मागे रेलून बसले होते. पँट नीट भिजायला हवी ना."

"मी उठलो नाही?"

"तुला उठवायला तेव्हा बँड लागायचा. घरी नेऊन कपडे बदलले तरी घोरत होतास. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, धाकट्याला ताप आहे, तो आलाच नाही."

धाकट्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं, बंद गाडीचं. पाय फाकवून चालून दाखवलं होतं त्याने. ते त्याला आता दिसलं, आतून नाही, समोरून दिसलं, फोटोच्या जागेवरून दिसेल तसं.

"मला का नाही सांगितलं कधी?"

"शब्द घेतला होता त्यांनी माझ्याकडून. म्हणाले, मोठ्या माणसांचं होतं म्हटल्यावर त्याचं थांबलंय. मी खोटं बोललो हे कळलं तर परत सुरू होईल."

"पंचवीस वर्षं?"

"मी विचारलं होतं एकदा. तुला नोकरी लागली तेव्हा. म्हणाले, कशाला विषाची परीक्षा? आता त्याला विद्यापीठातली खुर्ची मिळालीये."

ताई हसली नाही. बाबा हे म्हणताना हसले असणार. धाकट्याला तो आवाज स्पष्ट ऐकू आला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल आत," तो म्हणाला. "तू सांग सगळ्यांना. तू एकमेव साक्षीदार आहेस."

"मी एकदा शब्द मोडला, आत्ता, तुझ्यापायी. दुसऱ्यांदा मोडणार नाही. तुला तोंड आहे ना? मघाशी तर खूप होतं."

धाकटा गाडी तिथेच सोडून पळत परत गेला. आत लोक उभे राहून चहा घेत होते, बिस्किटं बुडवत होते. त्याने माइक हातात घेतला. माइक किंचाळला.

"मंडळी, ते बाबांकडून झालं नव्हतं. माझ्याकडून झालं होतं."

सगळे वळले.

"मी झोपलो होतो खुर्चीत. मी ओली केली. बाबा नंतर बसले, मला वाचवायला. माझं नाव घ्यायला हवं होतं तुम्ही. मघाशी मी जे चालून दाखवलं..."

मग आत्याने हातातली कपबशी खाली ठेवली. "बघा," ती रडत म्हणाली, "बघा माझ्या भावाचं पोर. बापाची लाज आपल्या अंगावर घेतंय."

"नाही आत्या, खरंच..."

"असू दे रे राजा, असू दे. मघाशी जीभ घसरली तुझी, आम्ही मनावर घेतलं नाही."

"जीभ घसरली नव्हती! आता खरं सांगतोय!"

एक वर्गमित्र पुढे आला. आता त्याचं प्लायवुडचं दुकान होतं. त्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मित्रा, तू तर त्या दिवशी नव्हतासच. ताप होता तुला. मला पक्कं आठवतंय, तुझी जागा धरून ठेवली होती मी."

"ताप खोटा होता!"

"बघ, अजून चढलाच आहे," शिंपी हळूच म्हणाला.

मग धाकट्याने शेवटचं अस्त्र काढलं. खिशातली चार घड्यांची चिठ्ठी उलगडली आणि सगळ्यांसमोर वाचली. मी अंथरूण ओलं करायचो. तिसरीपर्यंत. वर्गातली पोरं नाक धरायची. याहून लाजिरवाणं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं आणि त्याच्या सगळ्या विद्येप्रमाणे आता लोकांना ते पटायलाच हवं होतं. आपली अशी शोभा कोण मुद्दाम करून घेईल?

पण तो जितकं खोल सांगत गेला तितके लोक गहिवरत गेले. बापासाठी पोर कुठल्या थराला जातंय! अध्यक्षांनी त्याला मिठी मारली. त्यांच्या कोटाला वॉर्निशचा वास होता. ते कानाशी म्हणाले, "ओल्यांचा मुलगा शोभतोस." आणि टाचणाच्या कागदावर त्यांनी लिहून घेतलं : चिरंजीवांनी पितृप्रेमाने भारावून भावपूर्ण उद्गार काढले.

पुढच्या बुधवारी त्याने विभागात नावं न सांगता ही गोष्ट टेबलावर ठेवली. एक सुतार, एक मुलगा, एक खुर्ची. घडलं असेल का?

विभागप्रमुख मॅडमनी चष्मा पुसला. "मूळ बातमी कोणाची?"

"मुलाची. म्हणजे, बहिणीकडून मुलाला."

"बहीण बोलायला तयार आहे?"

"नाही."

"किती वर्षांनी बाहेर आली?"

"पंचवीस."

"बाप मेल्यानंतर?"

"हो. शोकसभेत."

"लाजाळू, तुम्ही मला हे विचारताय?" मॅडमना खरंच वाईट वाटलं. "जुनी, सगळ्यांनी पाहिलेली, अडचणीची गोष्ट आधीपासून होती. बाप मेल्यावर जवळच्या माणसांना ती बोचायला लागली. मग तिला नवा अर्थ मिळाला : त्याने केलं नव्हतं, दुसऱ्याचं स्वतःवर घेतलं. हे तर आपण क्रूसाच्या गोष्टीत रोज बघतो. आणि शिवाय सुतार!" त्यांनी चिठ्ठी उचलली. "गोष्ट सुंदर आहे. म्हणूनच." आणि ती तिसऱ्या ट्रेमध्ये टाकली.

दारात उपाहारगृहाचा माणूस उभा होता. त्याने ट्रे उचलला, चिठ्ठ्या टेबलावर उपड्या केल्या आणि ट्रे पुसत निघून गेला.

रविवारी धाकटा संघाच्या सभागृहात गेला. फोटो काढून घेतला होता, खुर्ची होती. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून तो तिच्यात बसला. नीट दाबून, मागे रेलून. मखमल कोरडी होती आणि मऊ होती. झाडूवाला आत आला आणि म्हणाला, "ओले मिस्त्रींचे चिरंजीव ना? बसा, बसा. तुमचीच आहे." तेव्हा मात्र त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन त्याने बाबांच्या टेबलापाशी, पाच पायांच्या नव्हे, साध्या, बैठक मारली आणि कागद ओढला.

*प्रति,*
*मा. अध्यक्ष व कार्यकारिणी,*
*लाकूडकाम कारागीर संघ.*

*विषय : लाल मखमली खुर्ची ओली केल्याची लाज मयत सभासदाच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावे वर्ग करणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, संघाच्या पंचवीस वर्षपूर्ती समारंभात घडलेल्या प्रकाराची नोंद मयत सभासदाच्या नावे चुकीने झाली असून ती चूक स्वतः मयत सभासदाने जाणूनबुजून घडवून आणली होती. सदर लाज मयताने पंचवीस वर्षे विनातक्रार वापरली, तथापि ती त्याची नव्हती. ती प्रस्तुत अर्जदाराची असून तो ती आजपर्यंत नेण्यास आलेला नाही, याबद्दल दिलगीर आहे.*

*अर्जासोबत साक्षीदार जोडता येत नाही, कारण एक मयत आहे, दुसरी शब्दाला जागते आहे आणि तिसरा त्या वेळी झोपला होता. तिसरा म्हणजे प्रस्तुत अर्जदार.*

*तरी मा. कार्यकारिणीस विनंती की, 'ओले' हे संबोधन मयताच्या नावामागून तात्काळ काढून घेऊन ते अर्जदारास, तो जिवंत असेपर्यंत व त्यानंतरही, फोनवर व प्रत्यक्ष, सर्व सभासद व त्यांच्या कुटुंबीयांकडून लावण्यात यावे. मयतास यापुढे नुसते 'मिस्त्री' म्हणण्यात यावे. शोकसभेत अर्जदाराने मंचावर चालून दाखवलेले उपस्थित सर्वांच्या स्मरणातून वगळण्यात यावे. आणि शक्य झाल्यास, त्या दिवशीचा पडदा काही क्षण उशिरा उघडण्याची तजवीज करण्यात यावी, म्हणजे अर्जदारास जागे करता येईल, ही नम्र विनंती.*